दादाच्या पन्नाशीला १९७५ ची रेकॉर्ड द्यायची आहे, कोणती घेऊ? (बजेट ३०००)

धाकटी_सातारकर:
नमस्कार मंडळी. येत्या १२ सप्टेंबरला माझ्या दादाला पन्नास वर्षं पूर्ण होतायत. दादा रॉकचा पक्का वेडा. कॉलेजात असताना शनिवारी पुण्याहून घरी यायचा तेव्हा सॅकमध्ये कपडे कमी आणि कॅसेट जास्त असायच्या. मला त्यातलं खोल काही कळत नाही, पण त्याच्यामुळे लहानपणापासून कानावर बरंच पडलंय.

मागच्या दिवाळीत त्याने बाबांचा जुना एचएमव्ही फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर माळ्यावरून काढला आणि दुरुस्त करून आणला. घरातल्या रेकॉर्डी मात्र सगळ्या बाबांच्या, म्हणजे नाट्यगीतं आणि अभंग. रॉकची एकही नाही. म्हणून त्याच्या जन्मवर्षातला एखादा अल्बम एलपीवर, म्हणजे मोठ्या तबकडीवर, द्यावा असं मनात आहे. नवी छपाई चालेल, जुनीही चालेल. बजेट ३०००, त्याच्या वर खरंच जमणार नाही. सोबत हाताने लिहिलेलं कार्ड द्यायचंय, तर त्याच्या आयुष्याला जुळतील अशा रॉकमधल्या तारखा माहीत असतील तर त्याही सांगा.

तबकडीवेडा:
ताई, १२ सप्टेंबर १९७५! नेमक्या याच दिवशी इंग्लंडात पिंक फ्लॉइड बँडचा 'विश यू वेअर हिअर' हा अल्बम बाहेर आला. आता विचार करायचं कारणच उरलं नाही. माझ्याकडे याच्या तीन प्रती आहेत. त्यातली एक इंग्लंडची पहिली छपाई, काळ्या वेष्टनासकट. हा अल्बम दुकानात आला तेव्हा काळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला होता, कव्हरवरचं चित्र पूर्ण झाकलेलं, वर फक्त दोन यांत्रिक हात हस्तांदोलन करतायत असा स्टिकर. घरी नेल्यावर लोक ते प्लॅस्टिक फाडून टाकायचे, त्यामुळे शाबूत वेष्टनाची प्रत हाताला लागणं कठीण. मी चौदा हजारांना घेतली आणि एका रुपयाचंही वाईट वाटलं नाही. घ्यायची तर तीच घ्या.

नाशिककर_बेस:
त्यांचं बजेट तीन हजार आहे हो. नवी छपाई घ्या, आवाज उत्तम आहे. अल्बम फ्लॉइडचाच, याला माझाही दुजोरा. कार्डावर एक गोष्ट जरूर लिहा. ५ जून १९७५ ला अ‍ॅबी रोड स्टुडिओत या अल्बमचं काम चालू असताना एक जाडसर माणूस आत येऊन बसला. डोकं तासलेलं, भुवयासुद्धा काढलेल्या. बराच वेळ कुणी ओळखलं नाही. तो सिड बॅरेट होता, त्यांच्याच बँडचा मूळ गायक आणि गीतकार, १९६८ मध्ये बाहेर पडलेला. आणि त्या वेळी ज्या गाण्यावर काम चाललं होतं, 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड', ते त्याच्यावरच लिहिलेलं. ही गोष्ट वाचली त्या रात्री मी ते गाणं पुन्हा लावलं आणि पहिले चार स्वर आले तसं डोळ्यात पाणी आलं.

परदेशस्थ_मिरजकर:
अमेरिकेत तो अल्बम एक दिवस उशिरा, १३ सप्टेंबरला आला. कार्डावर तारीख लिहिताना 'इंग्लंडात' असं स्पष्ट लिहा.

तबकडीवेडा:
बँड इंग्लंडचा, स्टुडिओ लंडनचा, मग तारीख इंग्लंडचीच धरायची. अमेरिकेचा इथे काय संबंध?

परदेशस्थ_मिरजकर:
संबंध आहे. कव्हरवरचा फोटो अमेरिकेतला आहे, वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओच्या आवारातला. दोन माणसं हात मिळवतायत आणि एकाच्या अंगाला आग लागलेली. तो रॉनी रॉन्डेल नावाचा स्टंटमन, खरोखर पेटवलेला. फोटो घेताना वाऱ्याने ज्वाळा तोंडाकडे आल्या आणि त्याची मिशी जळाली. आज संगणकावर चित्र जुळवता येतं, तेव्हा माणसाने जीव धोक्यात घातला होता. एवढ्यासाठी तरी अमेरिकेचं नाव घ्यायला हवं.

गिटारकाका:
सगळे फ्लॉइडच्या मागे लागलेत म्हणून सांगतो. १९७५ चा खरा राजा 'फिजिकल ग्राफिटी'. लेड झेपेलिन बँडचा, फेब्रुवारी १९७५, दोन तबकड्यांचा अल्बम. कव्हरवर न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स प्लेसमधली इमारत आहे आणि तिच्या खिडक्या खरोखर कापलेल्या. आतला कागद बदलला की खिडकीतली माणसं बदलतात. चौकोनी कव्हरात बसावी म्हणून त्या इमारतीचा एक मजला गाळलाय. माझ्या मुलाने लहानपणी तासन् तास तो कागद आतबाहेर केला आणि एक खिडकी फाडली. मी त्याला एक शब्द बोललो नाही.

आणि आपल्याशी नातं म्हणाल तर झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये मुंबईत आले होते आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही आपली दोन गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. ती ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. ऐकून बघा, तबल्यावर झेपेलिन कसं वाजतं ते.

नाशिककर_बेस:
काका, दोन तबकड्यांचा अल्बम तीन हजारांत कुठे बसणार?

गिटारकाका:
पन्नाशी एकदाच येते. हजारभर रुपये घरातलं कुणीतरी घालेल.

सुई_आणि_खोबण:
कोणता अल्बम यावर सगळे बोलतायत, वाजणार कशावर हे कुणी विचारलंच नाही. ताई, फिएस्टासारख्या जुन्या पेटीत सिरॅमिक कार्ट्रिज (सुई जिथे बसते तो भाग) असतं. आजच्या चांगल्या कार्ट्रिजचा भार तबकडीवर दोनएक ग्रॅम पडतो, त्या पेट्यांचा त्याच्या दुप्पट-तिप्पट. वाजेल, पण वारंवार लावली तर खोबण झिजणार. दोन गोष्टी करा. सुई नवी बसवा. जुनी किती वर्षांची आहे कुणास ठाऊक, आणि बोथट सुईसारखा रेकॉर्डीचा दुसरा शत्रू नाही. दुसरं, त्या काळच्या बऱ्याच पेट्यांत सुई फिरवता येते, एक बाजू ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) जुन्या तबकड्यांसाठी, दुसरी एलपीसाठी. एलपीवर ७८ ची बाजू टेकवलीत तर पहिल्याच दिवशी नुकसान. दादाला माहीत असेलच, तरी बघून घ्या.

ठाण्याचा_ढोल:
ऑनलाइन मागवू नका, एवढंच सांगायला आलोय. मी एका साइटवरून रेकॉर्ड मागवली. पोचली तेव्हा खोक्याचा कोपरा चेपलेला आणि तबकडी पापडासारखी वाकलेली. फिरायला लागली की सुई लाटेवर होडी जावी तशी वरखाली. परत करायला गेलो तर म्हणे सील फोडलंय. सील न फोडता वाकडी आहे हे कळणार कसं? अडीच हजार पाण्यात. दुकानात जा, तबकडी बाहेर काढायला लावा, डोळ्यासमोर आडवी धरा आणि कड बघा.

जुना_फोर्टवाला:
दुकानं राहिलीत कुठे? काळा घोड्याचं रिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं. तिथे बूथमध्ये उभं राहून ऐकायचं आणि मग ठरवायचं, तो आनंद आता पैसे देऊनही मिळणार नाही. चोर बाजारात जाऊन बसा, 'डमडम'ची छपाई मिळाली तर घ्या. कलकत्त्याच्या डमडम कारखान्यात आपल्याकडच्या रेकॉर्डी छापल्या जायच्या. कव्हरचा कागद पातळ, पण माझ्याकडच्या काही प्रती आजही खणखणीत वाजतात.

पाचगणीचा_मूळचा:
साताऱ्याच्या ताईने विचारलंय आणि एकानेही क्वीन बँडचं नाव घेतलं नाही, कमाल आहे. 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा', नोव्हेंबर १९७५. त्यातलं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ३१ ऑक्टोबरला आधी सिंगल म्हणून, म्हणजे अल्बमच्या बाहेर वेगळ्या रेकॉर्डवर, आलं, ५ मिनिटं ५५ सेकंदांचं, आणि इंग्लंडात नऊ आठवडे पहिल्या नंबरवर बसलं. ते लिहिणारा फारुख बुलसारा, म्हणजे क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, तुमच्याच जिल्ह्यात शिकला, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. आईवडील झांजिबारमध्ये आणि आठ वर्षांचं पोर इथल्या बोर्डिंगात. शाळेतल्या मित्रांना घेऊन 'द हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँड इथेच झाला, त्यात तो पियानो वाजवायचा. त्या शाळेवरून मी दहा वर्षं रोज सायकलने जायचो आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. कळलं तेव्हा नोकरीनिमित्त गाव सोडून झालं होतं. दादाला क्वीनच द्या, आणि वाढदिवसाला पाचगणीला घेऊन जा.

कोल्हापुरी_रिफ:
माझं मत फ्लॉइड. तारीखच जुळतीय म्हटल्यावर दुसरं काय बघायचं.

रेवा_अमरावती:
कार्डासाठी मी तारखा जुळवून देते. १३ जुलै १९८५, 'लाइव्ह एड' हा मदतनिधीचा मोठा कार्यक्रम, क्वीनची ती वीसेक मिनिटं, तेव्हा दादा दहा वर्षांचा. दादा सोळा पूर्ण झाला आणि बाराव्या दिवशी, २४ सप्टेंबर १९९१ ला निर्वाणा बँडचा 'नेव्हरमाइंड' अल्बम आला. बरोबर दोन महिन्यांनी, २४ नोव्हेंबरला फ्रेडी गेला. २ जुलै २००५ ला 'लाइव्ह ८' या कार्यक्रमात फ्लॉइडचे चौघे इतक्या वर्षांनी एका मंचावर उभे राहिले. आणि १५ सप्टेंबर २००८, दादाच्या वाढदिवसानंतर तीन दिवसांनी त्यांचा कीबोर्डवादक रिचर्ड राइट गेला. सोळाव्या वर्षी नेव्हरमाइंड हातात पडणं म्हणजे काय, हे त्या वयाच्या माणसालाच कळेल. मला हेवा वाटतो.

परदेशस्थ_मिरजकर:
जुलै १९८५ ला नऊ वर्षांचा. दहा सप्टेंबरमध्ये झाला.

रेवा_अमरावती:
बरोबर, नऊ. ताई, कार्डावर नऊ लिहा.

ब्रेबॉर्नला_होतो:
२००३ च्या एप्रिलमध्ये मी ब्रेबॉर्न स्टेडियमवर रोलिंग स्टोन्सना समोर बघितलंय. रेकॉर्डी घरात पडून राहतात, कार्यक्रम आयुष्यभर सोबत राहतो. तीन हजार बाजूला ठेवा आणि पुढचा मोठा बँड आला की दादाला तिकीट काढून द्या.

वसई_बी_साइड:
तारखेच्या नादात १९७५ चं अर्धं वर्ष तुम्ही सगळ्यांनी वगळलंत याचं वाईट वाटतं. जानेवारीत बॉब डिलनचा 'ब्लड ऑन द ट्रॅक्स'. २५ ऑगस्टला ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'बॉर्न टू रन'. नुसतं शीर्षकगीत ध्वनिमुद्रित करायला त्याला सहा महिने लागले, आधीचे दोन अल्बम फारसे खपले नव्हते आणि हा चालला नाही तर संपलंच अशी गत होती. ऑक्टोबरात 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन्ही साप्ताहिकांच्या मुखपृष्ठावर एकाच आठवड्यात तो झळकला. आणि कव्हर बघा. मिटलेलं असताना गिटार घेतलेला ब्रूस एका बाजूला रेलून हसतोय एवढंच दिसतं. उघडलं की कळतं, तो सॅक्सोफोनवाल्या क्लॅरन्स क्लेमन्सच्या खांद्यावर रेललाय.

कोल्हापुरी_रिफ:
चांगला आहे, पण तारीख जुळत नाही. फ्लॉइड.

सुई_आणि_खोबण:
सुईचं विसरू नका.

धाकटी_सातारकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल पुण्याला जाऊन आले. फ्लॉइड घ्यायचा हे जवळजवळ ठरवूनच गेले होते. दुकानदाराने तो काढून दिलाही, २९०० ला. मी ढोल यांनी सांगितल्याप्रमाणे तबकडी आडवी धरून कड बघितली, सरळ होती. मग सहज म्हणून 'बॉर्न टू रन' मागितला आणि कव्हर उघडलं.

मी सात वर्षांची होते तेव्हा माझा पाय मोडला होता. घरापासून शाळेची गाडी थांबायची तिथपर्यंत चढ आहे, आणि बाबा सकाळी सहाला कामावर जायचे. तेव्हा दादा सतरा वर्षांचा होता. दोन महिने रोज त्याने मला खांद्यावर बसवून तो चढ चढवलाय. त्याच्या वॉकमनचा एक कान तो मला द्यायचा. काय वाजत होतं ते आठवत नाही. त्याच्या शर्टाच्या कॉलरला घामाने चुरगळलेली घडी पडायची, ती आठवते, कारण मी तीच धरून बसायचे.

मी 'बॉर्न टू रन' घेतला. २६५०. उरलेल्यात सुई घेतली, आणि एलपीची बाजू कोणती हे दुकानदाराकडून दोनदा विचारून आले. तारीख जुळत नाही हे मान्य आहे. फ्लॉइडची गोष्ट आणि रेवाताईंच्या तारखा कार्डावर लिहिल्यात, नऊ वर्षं असंच लिहिलंय.

तबकडीवेडा:
ताई, तुमचा निर्णय आहे, पण १२ सप्टेंबरचा योग पुन्हा यायचा नाही. अजून सहा दिवस आहेत. सील फोडलं नसेल तर बदलून मिळेल.

गिटारकाका:
झेपेलिन हवा होता. पण खांद्याचं वाचलं. वाजवल्यावर कळवा.

धाकटी_सातारकर:
काका, काल संध्याकाळी वाजवला. दादाने कव्हर उघडलं, मोठ्या फोटोकडे बघत राहिला, मग कार्ड न वाचताच मला म्हणाला, "कितवीत होतीस गं तू? दुसरीत ना?" सुई त्याने स्वतः बसवली. आधी दुसरी बाजू लावली, शीर्षकगीत तिथेच पहिलं आहे म्हणाला. बाबा आरामखुर्चीत होते. गाणं संपल्यावर त्यांनी ते परत लावायला सांगितलं.