रीफ पॉइंट घट्ट बांधू नयेत

‘रीफ घेतल्यावर मधल्या दोऱ्या बूमभोवती जितक्या घट्ट बांधाल तितकं शीड सपाट राहतं,’ असं सांगितलं जातं, ते पटत नाही. रीफ घेणं म्हणजे वारा वाढला की शिडाचा खालचा भाग गुंडाळून शीड लहान करणं; बूम म्हणजे शिडाच्या खालच्या कडेचा आडवा दांडा; आणि रीफ पॉइंट म्हणजे याच मधल्या दोऱ्या. शीड सपाट होतं ते दोन टोकांच्या ताणामुळे. मधल्या दोऱ्यांचं काम खाली जमलेलं जास्तीचं कापड आवरणं, एवढंच. त्यांच्यावर भार आला तर फाटतं ते आयलेटपाशी (दोरी ओवायच्या भोकापाशी), आणि एक सुटलं की शेजारच्यावर जास्त भार येतो. शिडाची खालची कड बूममध्ये अडकवलेली नसेल, तर दोरी बूमला न घालता फक्त गुंडाळलेल्या कापडाभोवती घ्या, ढिली.

रीफ घेण्याचा क्रमही महत्त्वाचा. आधी मेनशीट (बूम आत-बाहेर करायची दोरी) आणि व्हँग (बूम खाली ओढून धरणारी दोरी) दोन्ही सोडा. व्हँग बहुतेकांकडून राहतो, मग बूम वर उचलला जात नाही आणि मागची रीफलाइन (शिडाची मागची बाजू बूमकडे ओढणारी दोरी) विंचवर (दोरी ओढायच्या फिरत्या चक्रावर) कितीही ओढली तरी क्लू (शिडाचा मागचा खालचा कोपरा) बूमला टेकत नाही. टॉपिंग लिफ्टने (बूमचं मागचं टोक वरून धरणाऱ्या दोरीने) बूम पेला, हॅलियर्ड (शीड वर चढवायची दोरी) खुणेपर्यंत सोडा, शिडाच्या पुढच्या बाजूची रीफची कडी हुकात अडकवा, हॅलियर्ड पुन्हा कडक ताणा आणि त्यानंतरच मागची लाइन. उलट केलंत तर पुढच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडतात, शिडाचं पोट मागे सरकतं, होडी जास्त कलते. क्लूच्या कडीतून बूमभोवती एक वेगळी दोरी जरूर टाका, रीफलाइन तुटली तर तीच शीड वाचवते.

रीफ काढताना (शीड पुन्हा मोठं करताना) मात्र सगळ्यात आधी मधल्या दोऱ्या सोडा, सगळ्या, मोजून. एक राहिली आणि हॅलियर्ड ओढला की शीड तिथेच फाटतं.