मेतकूट-चटणीच्या बॉक्समधून पावडर गळते आणि बॉक्स पोट काढतो, काय करावं?

चटणीवाली_सोलापूर

नमस्कार मंडळी. आमचा घरगुती उद्योग आहे. कुटलेली शेंगा चटणी, जवसाची चटणी आणि मेतकूट. इतके दिवस पिशवीवर लेबल चिकटवून विकत होतो. पुण्यातले दुकानदार म्हणाले, पिशव्या शेल्फवर लोळतात, उभा राहील असा बॉक्स द्या. म्हणून इथल्याच एका छपाईवाल्याकडून २०० ग्रॅमचा बॉक्स करून घेतला. आतलं माप ११ × ३.५ सेंमी, उंची १५. पुठ्ठा ३५० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) डुप्लेक्स, म्हणजे बाहेरून पांढरा, आतून करडा. वर-खाली दोन्हीकडे खोचायची झाकणं. आत एलडीची, म्हणजे साध्या मऊ प्लॅस्टिकची पिशवी, हातमशीनने सील केलेली.

बॉक्स दिसतो देखणा, पण माल पोचतो तेव्हा मोठ्या खोक्याच्या तळाशी मेतकुटाची पिवळी धूळ असते. चटणीच्या बॉक्सवर तळाच्या कडेने तेलाचा डाग चढतो. आणि शेल्फवर आठवडाभर राहिला की बॉक्स पुढून-मागून फुगतो, शेजारच्याला ढकलतो. छपाईवाले म्हणतात ४०० जीएसएम घ्या, सगळं थांबेल. पुढची छपाई टाकायची आहे, म्हणून आधी विचारते.

निखिल_डिझाईन

जाड पुठ्ठ्याने फुगणं थोडं कमी होईल. समोर एक खिडकी पण काढा, आतलं मेतकूट दिसलं की लोक घेतात. प्रीमियम वाटतं.

पुठ्ठेकाका_कोल्हापूर

ताई, जीएसएमचं राहू द्या बाजूला. आधी स्टेशनरीच्या दुकानातून काळा कार्डपेपर आणा.

आमचं पंचिंग-पेस्टिंगचं, म्हणजे छापलेला पुठ्ठा कापून बॉक्स चिकटवायचं युनिट आहे, मसालेवाल्यांची कामं बरीच होतात. पावडर गळते म्हणून जो येतो तो बॉक्सच घेऊन येतो, आतली पिशवी कुणी आणत नाही. तुम्ही भरलेला एक बॉक्स उघडा, पिशवी बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसा, आणि काळ्या कागदावर धरून हलकेच दाबा. सीलच्या रेषेवर एखाद्या ठिकाणी पिवळा फुगारा उडेल. तिथे बोटाने चाचपून बघा, सीलमध्ये मेतकुटाचा कण अडकलेला सापडेल. भरताना पिशवीच्या तोंडाला आतून पावडर लागते, त्यावरच मशीन दाबलं की प्लॅस्टिक प्लॅस्टिकला चिकटत नाही, पावडरीला चिकटतं. चटणीत तर तेल. कुटलेल्या चटणीचं तेल सुटलेलंच असतं, ते तोंडाला लागलं की सील वरून छान दिसतं आणि दोन दिवसांनी सोडतं.

यावर उपाय स्वस्त आहे. लांब नळीचं नरसाळं घ्या, नळीचं टोक सीलच्या जागेच्या चांगलं खाली जाईल असं. भरून झालं की नरसाळं सरळ वर काढायचं, तोंडाला घासायचं नाही. साध्या हातमशीनची सीलची पट्टी जेमतेम २ मिमी असते. १० मिमी रुंद सील देणारं बँड सीलर (पिशवीचं तोंड फिरत्या पट्ट्यातून नेऊन सील करणारं मशीन) परवडत असेल तर ते घ्या, नाहीतर थोडं अंतर सोडून दोन सील मारा. आणि चटणी भरणारीने बॉक्सला हात लावायचा नाही, बॉक्समध्ये घालायला दुसरी बाई. निम्मे तेलाचे डाग बोटांचे असतात.

आता बॉक्स. खोचायच्या झाकणाचा बॉक्स पावडर अडवायला बनलेलाच नाही. तुमचाच एक रिकामा बॉक्स मिटा आणि उजेडाकडे धरून आतून बघा. चारही कोपऱ्यांत उजेडाचे ठिपके दिसतील. बाजूचे छोटे फ्लॅप आणि झाकण एकमेकांना घासू नयेत म्हणून डायमध्ये (पुठ्ठा कापायच्या साच्यात) तिथे जागा सोडावीच लागते. मेतकुटाला ते ठिपके म्हणजे दरवाजे. पुठ्ठा ४०० चा घ्या नाहीतर ५०० चा, ठिपके तिथेच राहणार. हे बंद करायचे तर दोन्ही टोकांना फ्लॅप पूर्ण एकावर एक घेऊन कडेपर्यंत सलग गोंद मारावा लागतो. ते मशीनचं काम, तुमच्या संख्येला झेपणारं नाही. म्हणून कामाची वाटणी करा. पावडर आणि वास धरायचं काम पिशवीचं, उभं राहायचं आणि छाप दाखवायचं काम बॉक्सचं. ही वाटणी जुनी आहे. अमेरिकेत क्रॅकर बिस्किटं पिंपातून सुटी विकली जायची, १८९८ मध्ये नॅशनल बिस्किट कंपनीने युनीडा बिस्किट पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये मेणकागदाचं अस्तर घालून आणलं. तिथेही बिस्किट कुरकुरीत ठेवत होता तो मेणकागद.

तळ मात्र बदला. खोचलेला तळ वजनाने उघडतो. लॉक बॉटम करा, म्हणजे फ्लॅप एकमेकांत अडकणारा तळ. पैसे थोडे जास्त पडले तरी ऑटो लॉक घ्या, तो चिकटवूनच येतो, बॉक्स उघडला की तळ आपोआप बसतो. बायकांचा वेळ वाचतो, आणि दिवाळीच्या गर्दीत घाईघाईत अर्धवट लावलेला तळ हा प्रकारच राहत नाही.

फुगण्याची गोष्ट वेगळी आहे, आणि छपाईवाले इथेच गप्प बसतात. पुठ्ठ्याला दाणा असतो, म्हणजे तंतूंची दिशा. दाण्याच्या दिशेने पुठ्ठा ताठ, आडव्या दिशेने मऊ. बॉक्समध्ये दाणा आडवा हवा, चारही बाजूंना वेढा घालणारा, उभ्या घड्यांना काटकोनात. मग पुढची बाजू बाहेर ढकलली तरी ती तटून राहते. दाणा उभा असला की पोट सुटणारच. तुमच्या बॉक्सच्या पुढच्या बाजूतून सारख्या मापाच्या दोन पट्ट्या कापा, एक उभी, एक आडवी. टेबलाच्या कडेला सारख्याच बाहेर काढून धरा. जी जास्त वाकते तिच्या लांबीच्या आडवा दाणा आहे. माझी पैज, तुमची आडवी पट्टी जास्त वाकेल, म्हणजे दाणा उभा. का? कारण ले-आउट फिरवला की एका शीटवर एखाद-दुसरा बॉक्स जास्त बसतो. वाचलेला कागद छपाईवाल्याचा, पोट तुमच्या बॉक्सचं. ऑर्डर देताना लेखी सांगा: दाणा उभ्या घड्यांना काटकोनात. कुरकुर करतील, करू द्या.

आता मापाचं. ११ × ३.५ × १५ म्हणजे साधारण ५७५ मिली जागा. २०० ग्रॅम मेतकूट मोजपात्रात घालून, ओट्यावर आपटून बसवून बघा. माझा अंदाज ४०० मिलीच्या आत-बाहेर. म्हणजे उरलेल्या जागेत तुम्ही हवा भरून पाठवताय, आणि पिशवीत हवेची उशी राहिली की ती आतून पुठ्ठा ढकलते. सील करण्याआधी हाताने दाबून हवा काढा. पिशवीची सपाट रुंदी बॉक्सच्या अर्ध्या घेराएवढी ठेवा, फार मोठी नको. बॉक्स ८ × ५ × ११.५ केलात तर जागा ४६० मिली होते, आणि फुगणारी बाजू ११ वरून ८ वर येते. रुंद बाजू जितकी मोठी तितकी ती बाहेर येते, याचा फरक जीएसएमपेक्षा जास्त पडतो. दुकानदार म्हणेल शेल्फवर तोंड लहान दिसतं. त्याला सांगा, एका ओळीत चार जास्त बसतील.

चटणीवाली_सोलापूर

काका, पट्ट्या कापून बघितल्या. आडवीच वाकली. छपाईवाल्यांना विचारलं तर म्हणाले, "असलं कोण बघतं?"

दोन शंका आहेत. पुण्यातली काही गिऱ्हाइकं म्हणतात प्लॅस्टिक नको. मेतकुटाला पिशवीऐवजी बटर पेपर लावून थेट बॉक्समध्ये भरलं तर? आणि निखिल म्हणतात ती खिडकी करू का?

पुठ्ठेकाका_कोल्हापूर

बटर पेपरचा उपयोग तेलाचा डाग अडवण्यापुरता. वास आणि दमट हवा तो अडवत नाही. मेतकुटात हिंग, जिरं, हळद, सगळा जीव वासात, तो महिन्यात उडून जाईल. पावसाळ्यात गुठळ्या होतील त्या वेगळ्याच. शिवाय तुमचा करडा पुठ्ठा रद्दीपासून बनतो, त्यात छापील वर्तमानपत्रंही असतात. त्या शाईतली तेलं पुठ्ठ्यातून अन्नात उतरू शकतात. वर्तमानपत्रात खाण्याचं बांधू नका असं एफएसएसएआय (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) सांगते ना, तीच शाई इथे पुठ्ठ्याच्या पोटात आहे. करड्या पाठीच्या पुठ्ठ्याला उघडी पावडर लागू द्यायची नाही, बास. बॉक्सच्या आतल्या बाजूला छपाईही नको, आणि बाहेरची शाई खाद्यपदार्थांच्या पॅकिंगसाठीच्या आयएस १५४९५ या भारतीय मानकाची आहे का ते विचारून घ्या.

चटणीला तर उलट अजून चांगली पिशवी लागेल. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल. एलडीतून हवा आरपार जाते, म्हणून ती खवट होते. मेटलाईज्ड (धातूचा पातळ चकाकता) थर असलेला लॅमिनेटेड पाऊच घ्या. प्लॅस्टिक नको म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला खवट चटणी दिली तर तो प्लॅस्टिकसकट तुम्हालाही सोडेल. कमीच करायचं असेल तर बॉक्सवरचं चकचकीत लॅमिनेशन काढा, त्याऐवजी पाण्यावर आधारित वार्निश मारा. ते प्लॅस्टिक निव्वळ दिखाव्याचं आहे.

खिडकी करू नका. निखिल, राग मानू नका, चित्रात ती छान दिसते. पण खिडकीतून दिसायचं तर पिशवी पारदर्शक लागते, म्हणजे मेटलाईज्ड गेलं. उजेड लागला की तेल लवकर खवटतं. आणि पुढच्या बाजूला भोक पाडलं की तिथला ताठपणा गेला, पोट पुन्हा आलं.

जीएसएमचंही सांगून टाकतो, म्हणजे छपाईवाल्यांना उत्तर देता येईल. ३०० जीएसएमचा एफबीबी (फोल्डिंग बॉक्स बोर्ड, नव्या लगद्याचा पुठ्ठा) घेतलात तर तो ३५० च्या डुप्लेक्सपेक्षा जाडीला कमी भरणार नाही, बहुधा जास्तच, कारण त्याच्या मधल्या थरात फुगीर लगदा असतो. आतून करडाही नसतो. किलोचा भाव जास्त, पण वजन कमी लागतं. दोन्हींचे कोटेशन मागवा आणि दर बॉक्सचा भाव लावून बघा, किलोचा नाही.

डाय बनवायच्या आधी दोन जागा कोऱ्या सोडायला सांगा. एक, पेस्टिंगची पट्टी, जिथे बॉक्सची शिवण चिकटते: तिच्यावर ना छपाई, ना वार्निश. चकचकीत पृष्ठभागावर गोंद धरत नाही, उन्हाळ्यात बॉक्स शिवणीतून उसवतो. दुसरी, मागच्या बाजूला बॅच नंबर, तारीख आणि एमआरपीचा शिक्का मारायची चौकट. तिथेही वार्निश नको, नाहीतर शिक्क्याची शाई वाळत नाही आणि दुकानदाराच्या अंगठ्याबरोबर तारीख निघून जाते. तारीख नसलेला माल म्हणजे वजनमापवाल्यांना आमंत्रण.

खानदेशी_भट्टी

मधेच घुसतो. आमची नानकटाई आहे, साजूक तुपातली, हात लावला की चुरा. वरचं सगळं पावडरीचं झालं, भुसभुशीत मालाचं काय? जळगावहून एसटी पार्सलने मुंबईला पाठवतो. वरच्या दोन ओळी शाबूत असतात, खालच्या ओळीचा रवा होतो.

पुठ्ठेकाका_कोल्हापूर

तुमचा आजार उलटा. चटणीच्या बॉक्सला आतला माल ढकलतो, तुमच्या मालाला बॉक्स मारतो. खालची ओळ फुटते ती वरच्या ओळींच्या वजनाने आणि धक्क्याने. थरावर थर रचू नका. प्रत्येक थराला स्वतःचा ट्रे, आणि ट्रेची भिंत नानकटाईपेक्षा थोडी उंच, म्हणजे वरचा ट्रे भिंतीवर टेकतो, नानकटाईवर नाही. ट्रेचे कोपरे कापून चिकटवण्याऐवजी घडी घालून दुमडलेले घ्या, चुरा कोपऱ्यातून बाहेर येत नाही आणि तुपाचा डागही तिथे उतरत नाही. ट्रेमध्ये ग्रीसप्रूफ कागद. नानकटाई ट्रेमध्ये हलली नाही पाहिजे, पण दाबूनही बसवायची नाही. बाहेरचा बॉक्स साध्या पुठ्ठ्याऐवजी ई-फ्लूटचा, म्हणजे बारीक नागमोडी थराच्या पुठ्ठ्याचा करा. दीड मिमीच्या आसपास जाडी असते, छपाईही बरी येते.

आणि तुम्हा दोघांनाही, मोठा खोका. बॉक्स एकावर एक, कोपऱ्यावर कोपरा येईल असेच भरा. विटांच्या भिंतीसारखे आलटूनपालटून लावले तर रचाई घट्ट दिसते, पण कोपऱ्याखाली कोपरा राहत नाही आणि सगळा भार पोकळ झाकणावर येतो. पावसाळ्यात कोरुगेटेड (नागमोडी थराच्या पुठ्ठ्याच्या) खोक्याची ताकद निम्म्यापर्यंत उतरते, तेव्हा जून ते सप्टेंबर तीन प्लायऐवजी (थरांऐवजी) पाच प्लाय घ्या आणि खोके गोदामात फरशीवर ठेवू नका, खाली फळ्या टाका.

चटणीवाली_सोलापूर

लांब नळीचं नरसाळं आजच बोहरी गल्लीतून आणलं. मेतकूट मोजलं, आपटून ३९० मिली भरलं. ८ × ५ × ११.५ चा डमी हाताने कापून बसवला, पिशवीसकट झाकण नीट लागतं.

छपाईवाल्यांनी दाण्याचं लिहून द्यायला नकार दिला, म्हणून दुसरीकडे कोटेशन मागितलं आहे. काका, डाय एकदा केली की ती आमची असते का त्यांची?

पुठ्ठेकाका_कोल्हापूर

पैसे तुम्ही दिले तर तुमची. बिलात "डाय चार्जेस" अशी वेगळी ओळ लिहून घ्या, आणि काम संपल्यावर डाय परत मिळेल हेही. नंतर प्रिंटर बदलला तर ती उचलून नेता येते. डमी पाठवलात तर कोपरे बघून सांगतो. फोटो झाकण उघडं ठेवून, आतून काढा.