सुरक्षा रक्षक: १६० तासांचं प्रमाणपत्र पुरे, की गेटवरच परीक्षा घ्यावी?

तळमजला (धागाकर्ता)

सोसायटीच्या सुरक्षा कंत्राटात 'सर्व रक्षक प्रशिक्षित असतील' अशी एक ओळ असते आणि तेवढ्यावर कमिटी निर्धास्त होते. खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्याखालच्या नियमांत १०० तास वर्ग आणि ६० तास प्रत्यक्ष सराव, किमान २० कामाच्या दिवसांत, असं प्रशिक्षण ठरलेलं आहे. ते प्रमाणपत्र मागाच, पण त्यावर विसंबू नका. ज्या आवारात माणूस उभा राहणार तिथे चार कामं (फायर पंप, आगीचा सिलिंडर, लिफ्ट, गॅस) त्याच्याकडून हातानं करून घेतल्याशिवाय त्याला एकट्याला पाळी देऊ नका, असं माझं ठाम मत आहे.

फायर पंपाचंच घ्या. पाइपलाइनला कुठेतरी गळती असते, दाब उतरतो आणि जॉकी पंप (पाइपमधला दाब टिकवणारा छोटा पंप) थोड्या थोड्या वेळानं आपोआप सुरू होतो. आवाजाला कंटाळून कुणीतरी पॅनेलवरची कळ 'ऑटो'वरून 'ऑफ'वर आणतं. मग आग लागते तेव्हा हायड्रंट उघडला तरी जोर नसतो. रक्षकाला पंप दुरुस्त करता यायची गरज नाही. पाळी घेताना कळ 'ऑटो'वर आहे ना, दाबाचा काटा तंत्रज्ञानं केलेल्या खुणेच्या वर आहे ना, हे बघून आकडा नोंदवहीत लिहिता आला पाहिजे. वर्गात हे पॅनेलच नसतं, तर शिकणार कशावर?

आग विझवायच्या सहा किलोच्या एबीसी पावडर सिलिंडरचंही तसंच. घाबरलेला माणूस दोन्ही दांडे आवळून धरतो आणि पिन ओढत बसतो. दांड्याच्या दाबानं पिन अडकते, आणि सिलिंडर खराब आहे म्हणून तो फेकून देतो. सिलिंडर जमिनीवर उभा ठेवायचा, दांडा सोडायचा, पिन पिळून ओढायची, मग दोन-तीन मीटरवरून ज्वाळेच्या बुडाशी झोत मारायचा. सगळा मिळून झोत असतो जेमतेम १५-२० सेकंदांचा. फळ्यावरचं चित्र बघून तेवढ्यात काही साधत नाही.

कंत्राटी_बाजू

सहमत नाही. वर्गाला फार कमी लेखताय. पंपाची कळ गेटवर शिकवता येईल, कायदा येणार नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे खासगी माणसानं कुणाला पकडायचं, तर गुन्हा त्याच्या डोळ्यांदेखत घडलेला हवा आणि तो दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) व अजामीनपात्र असा दोन्ही हवा (फरारी घोषित केलेला आरोपी ही वेगळी गोष्ट). पकडल्यावर विनाकारण वेळ न घालवता, कसंही करून सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. आता बांधकामाच्या उघड्या आवारातून कुणी पाचशे रुपयांच्या सळया उचलल्या. पाच हजारांच्या आतली पहिली साधी चोरी भारतीय न्याय संहितेत, म्हणजे नव्या दंड कायद्यात, अदखलपात्र आहे. म्हणजे त्याला केबिनमध्ये दोन तास डांबणारा रक्षक स्वतःच बेकायदा कोंडून ठेवण्याच्या गुन्ह्यात सापडतो. चोप दिला तर आणखी एक कलम. त्यानं करायचं इतकंच: माल खाली ठेवायला सांगायचं, नाव-पत्ता विचारायचा, कॅमेऱ्यावरची वेळ टिपायची, सुपरवायझरला कळवायचं आणि ११२ फिरवायचा. घरातल्या चोरीचं कलम वेगळं आणि कडक आहे. हा फरक डोक्यात बसायला वर्गच लागतो, तोही उदाहरणं सोडवत.

झडतीचंही तेच. बाईची तपासणी महिला रक्षकानंच करायची. बॅग मालकानं स्वतः उघडायची, रक्षकानं आत हात घालायचा नाही.

आणि पैशाचं बोला. शिकण्याच्या २० दिवसांचा पगार कोण देणार? निविदा उघडल्या की सगळ्यात कमी दर तुम्हीच उचलता. त्या दरात प्रशिक्षण बसत नाही, म्हणून ते कागदावर होतं.

पाळी_तिसरी

दोघांनीही मुख्य गोष्टीला हात लावलेला नाही: बारा तासांची ड्युटी. पहाटे चारला, दहाव्या तासाला, प्रशिक्षण आठवायला डोळा उघडा लागतो.

हिशेब सरळ आहे. दोन गेट, बारा तासांच्या दोन पाळ्या, म्हणजे रोज चार माणसं. साप्ताहिक सुट्टी धरून पाच. आठ तासांच्या तीन पाळ्या केल्या तर रोज सहा, सुट्टी धरून सात. फरक दोन पगारांचा. तो वाचवायचा आणि वर परीक्षा घ्यायची, हे मला मान्य नाही.

रात्रीच्या राऊंडला क्यूआर स्टिकर लावतात. दमलेला रक्षक सगळ्या स्टिकरचे फोटो काढून ठेवतो आणि केबिनमध्ये बसून स्कॅन करतो. अहवालात राऊंड पूर्ण, टेरेसचं दार मात्र उघडंच. ही शिकवणीतली उणीव नाही, थकवा आहे. नोंदींच्या वेळा बघा: तळमजला ते टेरेस अंतर दोन मिनिटांत कापलेलं दिसलं, तर त्या माणसाला रागावण्याआधी त्याची हजेरी तपासा.

माजी_सैनिक_नाशिक

माजी सैनिकांना नियमांतच सवलत आहे, ४० तास वर्ग आणि १६ तास सराव, सात दिवसांत. पंधरा-वीस वर्षं शिस्तीत काढलेल्या माणसाची पुन्हा गेटवर परीक्षा कशाला? संत्री ड्युटी, ताबा देणं-घेणं, रात्रीची गस्त हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. तुमच्या चार कामांपेक्षा तेच अवघड आहे.

तळमजला

@माजी_सैनिक_नाशिक, शिस्तीबद्दल वाद नाही. पण सोसायटीत पुढे होण्यापेक्षा हात आवरण्याचे प्रसंग जास्त येतात, आणि धाडसी माणूस नेमका तिथे चुकतो.

वीज जाऊन लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. धाडसी रक्षक तिकोनी किल्लीनं मजल्याचं दार उघडतो आणि आतल्याला उडी मारायला सांगतो. केबिनचा तळ आणि मजला यांच्यामध्ये उघडी फट राहते, तिच्याखाली थेट खड्डा. उडी मारणाऱ्याचा तोल मागे गेला की तो त्या फटीतून खाली. शिवाय मध्येच वीज आली तर केबिन हलू शकते. म्हणून इंटरकॉमवर बोलत राहायचं, लिफ्टचा मेन स्विच बंद करायचा, तंत्रज्ञाला बोलवायचं. आतल्याला धाप लागली असेल तर १०१. किल्लीला हात नाही.

गॅसचा वास आला की रक्षक सवयीनं दारावरची बेल दाबतो. ठिणगी तिथेच पडते. दार हातानं ठोठवायचं, जिन्यातला दिवा होता तसाच ठेवायचा, चालू नको आणि बंदही नको. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साठतो, म्हणून तळघराकडचा रस्ता आधी अडवायचा. लांब जाऊन मग १९०६ ला, म्हणजे गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, फोन.

@पाळी_तिसरी, आठ तासांचं पूर्ण मान्य. पण आठ तासांच्या ताज्या माणसानंही बेल दाबली, तर?

कंत्राटी_बाजू

लिफ्ट आणि गॅसचं पटलं. हे अभ्यासक्रमात ठळकपणे यायला हवं. वर्ग आधी, गेट नंतर, हा क्रम मात्र मी सोडणार नाही.

परीक्षा घ्यायचीच तर रिलिव्हरची (बदली रक्षकाची) आधी घ्या. कायमचा रक्षक महिन्याभरात पंपाची कळ शिकतोच. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या साइटवरून थेट पाठवलेल्या माणसाला मीटर रूमची किल्ली कुठे टांगलीय हेही माहीत नसतं. कंत्राटात लिहा: या आवारासाठी तपासलेल्या सात जणांचीच नावं चालतील, आठवा माणूस आला तर पहिल्या पाळीत त्याच्यासोबत जुना रक्षक राहील, आणि त्या जादा पाळीचे पैसे सोसायटी देईल. या शेवटच्या वाक्यावर किती कमिट्या सही करतात, ते इथे येऊन सांगा.

पाळी_तिसरी

सही करतील, जर त्याच कागदावर आठ तास लिहिले असतील तर. सात जण म्हणजे आठ तासांच्याच पाळ्या, हा हिशेब तुम्हीच मान्य केलात.