कॉलम काढायचा तर क्यूआर पुन्हा पहिल्यापासून?

उरलासुरला:
लीस्ट स्क्वेअर्सचं (चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवणारं) मॉडेल बसवतोय. ५००० ओळी, जास्तीत जास्त २०० कॉलम. कुठले ठेवायचे ते ठरवायला एक आत घे, एक बाहेर काढ असं चाललंय. दर वेळी क्यूआर (डेटाची मॅट्रिक्स = क्यू × आर; क्यूचे कॉलम एकमेकांना काटकोनात, आरमध्ये कर्णाखाली सगळी शून्यं) नव्याने करायचो, रात्र जायची. म्हणून सायपाय या पायथन लायब्ररीची, आहे त्याच क्यूआरमध्ये बदल करणारी क्यूआर_इन्सर्ट आणि क्यूआर_डिलीट धरली, तर वेग म्हणावा तसा वाढेना. वर, सातवा कॉलम काढायला सांगितला तरी आरमध्ये कॉलम २००च, ओळ मात्र एक गायब! नक्की काय काढलं मी?

तिरकी_रेघ:
सातवी ओळ काढलीत :) त्या फंक्शनमध्ये 'व्हिच' दिलं नाही तर ते 'रो' धरतं. 'कोल' लिहा. मीही यात एक अख्खी दुपार घालवली आहे.

वेगाचं कारण दुसरं. क्यूआर करताना मोड सांगितला नसेल तर 'फुल' मिळतो, म्हणजे क्यू ५००० × ५०००. अडीच कोटी आकडे, २०० एमबी, आणि प्रत्येक बदलाला तेवढं सगळं हलतं. 'इकॉनॉमिक' मागा, क्यू ५००० × २०० होतो, ८ एमबी.

आत काय होतं ते एकदा हाताने करून बघाच. समजा आरच्या ओळी (५, ३, १), (०, ४, २), (०, ०, ६). पहिला कॉलम काढला की उरतं (३, १), (४, २), (०, ६). कर्णाखाली ४ आणि ६ डोकावतात, बाकी सगळं जागच्या जागी. वरच्या दोन ओळींवर ०.६ आणि ०.८ चं गिव्हन्स रोटेशन (दोन ओळी अशा फिरवायच्या की कर्णाखालचा आकडा शून्य होतो) मारा: (५, २.२) आणि (०, ०.४). मग खालच्या दोन ओळींवर आणखी एक, ०.४ आणि ६ मिळून ६.०१. झालं. हीच रोटेशन्स क्यूच्या कॉलमांनाही लावायची. शेवटचा कॉलम काढला तर एकही रोटेशन लागत नाही, म्हणून सारखे आत-बाहेर होणारे कॉलम उजवीकडे ठेवा.

फक्तआर:
क्यू हवाच कशाला? आर पुरतो. नव्या कॉलमसाठी आर-ट्रान्स्पोजची (ओळींचे कॉलम केलेला आर) एक सिस्टीम सोडवायची, कर्णावरचा आकडा कॉलमच्या लांबीच्या वर्गातून वजाबाकी करून काढायचा. कोलेस्कीच ती, म्हणजे ग्राम मॅट्रिक्स (डेटाचा ट्रान्स्पोज गुणिले डेटा) आर-ट्रान्स्पोज गुणिले आर अशी फोडायची.

तिरकी_रेघ:
चालतं, पण ती वजाबाकीच घात करते. कॉलम जवळजवळ एकमेकांवर अवलंबून असले की दोन मोठे, सारखेच आकडे वजा होतात आणि हातात कचरा उरतो. वर्गमुळाखाली ऋणसुद्धा येतं. कंडिशन नंबर (कॉलम एकमेकांवर अवलंबून असण्याच्या किती जवळ आहेत त्याचं माप) १०^८ असेल तर ग्राम मॅट्रिक्सचा १०^१६ होतो, डबल प्रिसिजन (साधारण १६ अंकांची अचूकता) तिथेच संपली.

उरलासुरला:
'कोल' आणि 'इकॉनॉमिक' केलं, पळतंय! पण एका कॉलमला इन्सर्ट लिनअल्जएरर देऊन थांबतं. बाकीचे बिनबोभाट जातात.

तिरकी_रेघ:
तो कॉलम आधीच्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून बनतोय. त्याची क्यूवरची सावली (क्यूच्या कॉलमांतून बनणारा भाग) वजा केली की काही उरतच नाही, मग नवी दिशा आणणार कुठून? कसला कॉलम आहे?

उरलासुरला:
तापमान, फॅरनहाइटमध्ये. सेल्सियसचा आधीपासून आत आहे. आणि १ चा स्थिर कॉलमही. १.८ पट अधिक ३२... बरं, कळलं. काढतो.

तिरकी_रेघ:
:) आणि शेकडो बदल झाले की क्यू-ट्रान्स्पोज गुणिले क्यू आयडेंटिटीपासून (कर्णावर १, बाकी सगळी शून्यं) किती ढळलंय ते मोजा. १०^-१० च्या वर गेलं तर एकदा नव्याने क्यूआर करून घ्या.