पत्त्यांच्या डिजिटल खेळात नवा आक्रमक डेक (झटपट हल्ला करून जिंकायला निवडलेला पानांचा गठ्ठा) तुम्ही कसा पारखता? आपापले अनुभव लिहा

अंगारा
परवा धाकट्या भावाने फोनवर विचारले, "दादा, मॅजिक अरीनात मोनो-रेड बांधतोय, रेअर वाइल्डकार्ड त्यावर घालवू का?", आणि मला २०१९ ची सुरुवात आठवली. (अरीना म्हणजे 'मॅजिक' या पत्त्यांच्या खेळाची डिजिटल आवृत्ती, मोनो-रेड म्हणजे फक्त लाल पानांचा डेक, आणि रेअर वाइल्डकार्ड म्हणजे हवे ते दुर्मीळ पान मिळवून देणारे कार्ड.) नव्या पानांचा 'रॅव्हनिका अलीजन्स' संच नुकताच आला होता, अरीना अजून बीटात, म्हणजे चाचणी-अवस्थेत, होते, आणि आम्हा मित्रांत 'स्क्यूअर द क्रिटिक्स' या पानाची चर्चा रात्ररात्र चालत असे. एरवी तीन मॅनाचे (मॅना म्हणजे पान खेळायला लागणारी शक्ती) हे पान, प्रतिस्पर्ध्याने त्याच टर्नमध्ये लाइफ गमावले असेल तर एकाच मॅनात उतरत असे आणि तीन डॅमेज देत असे. प्रतिस्पर्ध्याचे सुरुवातीचे वीस लाइफ संपवायला अशी सात पाने लागतात. पण ज्याची उतारी पहिली त्याने चौथ्या टर्नपर्यंत दहाच पाने पाहिलेली असतात आणि त्यांतल्या तीन-चार लँड (मॅना देणारी पाने) असतात, म्हणजे निरुपयोगी पानाला जागाच उरत नाही. म्हणून नवा डेक हाती आला की मी प्रत्येक पानापुढे ते साधारण किती लाइफ काढेल याचा अंदाज लिहून ठेवतो. एका मॅनाचा प्राणी पहिल्या टर्नला आला तर दोन-तीन घाव घालतो; तोच आठव्या टर्नला आला तर त्याचे मोल जवळजवळ काहीच राहत नाही. आपण सर्व काय पाहता, ते सविस्तर वाचायला आवडेल.

वीस_लँड
भावाला आधी लँड मोजायला सांगा. साठ पानांत वीस लँड असतील तर पहिल्या सात पानांत शून्य किंवा एकच लँड येण्याची शक्यता सुमारे २५ टक्के असते. चोवीस लँड असतील तर ती सुमारे १४ टक्क्यांवर येते. मात्र एका डावाच्या सामन्यात अरीना एकाहून अधिक हात (सुरुवातीची सात पाने) काढून पाहते आणि डेकमधील लँडच्या प्रमाणाच्या जवळ जाणारा हात देण्याकडे तिचा कल असतो. त्यामुळे कमी लँडचा डेक तिथे सुरळीत चालतो, आणि ही सोय नसलेल्या तीन डावांच्या सामन्यात तोच डेक पुन्हापुन्हा मुलिगन घ्यायला, म्हणजे हात टाकून नवा घ्यायला लावतो. जिथे खेळायचे आहे तिथेच चाचणी घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. २०२४ मध्ये 'लेलाइन ऑफ रेझोनन्स' या पानावर अरीनाच्या केवळ एका डावाच्या स्टँडर्डमध्ये (फक्त अलीकडच्या संचांची पाने चालणाऱ्या प्रकारात) बंदी आली, यावरूनही हे दोन प्रकार किती वेगळे आहेत ते कळते.

उतारी
मी सांख्यिकी शिकवते, म्हणून एवढेच लिहिते. शंभर डावांत पंचावन्न विजय मिळाले, तरी डेकचे खरे प्रमाण ४५ ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते, त्यामुळे एका संध्याकाळच्या विजयांवरून दोन पानांची अदलाबदल योग्य ठरली की नाही हे सांगता येत नाही. त्यापेक्षा प्रत्येक पराभवानंतर हातात किती पाने उरली होती ते टिपून ठेवावे. हात भरलेला असताना हरलो, तर पाने महाग आहेत किंवा लँड कमी पडल्या आहेत. हात रिकामा आणि समोरच्याचे लाइफ दोन-तीन असेल, तर थेट डॅमेजची पाने वाढवावीत.

पारसिक_बोगदा
@उतारी, ही नोंदीची पद्धत फारच उपयोगी आहे, आजपासून सुरू करते. अरीना २०२१ मध्ये मोबाइलवर आले तेव्हापासून मी डोंबिवलीहून जाता-येता खेळते, आणि डाव लवकर संपतो म्हणूनच आक्रमक डेककडे वळले. लोकल बोगद्यात शिरण्याआधी डाव संपवायचा असतो, कारण तिथे नेटवर्क जाते. नोंद ठेवायला मात्र बसायला जागा मिळावी लागते, आज मिळाली आहे.

साइडबोर्ड
एक मुद्दा राहून गेला. आपल्यासारखाच वेगवान डेक समोर आला, तर दोघांपैकी बचाव कोणी करायचा हे ओळखणे ही चाचणीतली सर्वांत कठीण बाब आहे, असे मला वाटते. त्याची उतारी पहिली असेल आणि त्याचे प्राणी आपल्याहून स्वस्त असतील, तर बर्न (थेट डॅमेजची पाने) त्याच्या लाइफवर न टाकता प्राण्यांवर टाकावा लागतो, आणि समोरच्याला जाळण्यासाठीच डेक बांधलेला असताना हा निर्णय घेणे मनाला फार जड जाते. लाइफ वाढवणाऱ्या डेकविरुद्ध मी मित्राला मुद्दाम बसवून सराव करतो, कारण रँक्डमध्ये (क्रमवारीच्या सामन्यांत) असा प्रतिस्पर्धी हवा तेव्हा भेटत नाही.

धुळीचा_हिशेब
मी हर्थस्टोन हा पत्त्यांचा दुसरा डिजिटल खेळ खेळतो. तिथे मॅना दर टर्नला आपोआप एकाने वाढतो, म्हणून लँडची चिंता नाही, पण हीरोचे (आपण निवडलेल्या पात्राचे) आरोग्य, म्हणजे तिथले लाइफ, तीस असते आणि डेक तीस पानांचा. हंटर या हीरोची हीरो पॉवर (पानाविना वापरता येणारी खास ताकद) दोन मॅनात दोन डॅमेज देते, त्यामुळे हात रिकामा झाला तरी दबाव टिकतो, आणि ते डॅमेज हिशेबात धरूनच मी शेवटचे दोन टर्न आखतो. लेजेंडरी (सर्वांत दुर्मीळ) पान बनवायला १६०० डस्ट, म्हणजे पाने मोडून मिळणारी धूळ, लागते आणि मोडले तर ४०० परत मिळते. म्हणून त्याच्या जागी स्वस्त पान घालून आधी पुष्कळ डाव खेळतो, आणि "आत्ता ते पान असते तर जिंकलो असतो" असे वारंवार वाटू लागले तरच डस्ट खर्च करतो. अरीनात वाइल्डकार्ड वापरून घेतलेले पान मोडून वाइल्डकार्ड परत मिळत नाही, त्यामुळे @अंगारा यांच्या भावाने तर आधी कॉमन आणि अनकॉमन पानांवरच डेक उभा करावा, असे मी आवर्जून सांगेन.