मदत हवी आहे: खिओस बेटावर बाबांना मस्तकीची झाडं दाखवायची आहेत

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईबाबांना घेऊन ग्रीसला जायचं ठरलंय. दोन दिवस अथेन्स, मग पाच रात्री खिओस. (इंग्रजी स्पेलिंग वाचून चिओस, कायोस काहीही म्हटलं जातं, तिथले लोक खिओसच म्हणतात.) एका टूरवाल्यांकडे चौकशी केली तर त्यांनी सँटोरिनीच गळ्यात मारायचा प्रयत्न केला, म्हणून इथे विचारतेय.

खिओसच का, ते सांगते. साताऱ्याला आमचं काष्ठौषधींचं दुकान होतं. बाबांनी ते ४२ वर्षं चालवलं, गेल्या दिवाळीत बंद केलं. तिथे एका छोट्या बरणीत रुमी मस्तकी असायची. फिकट पिवळे, काचेसारखे खडे. नवीन माल आला की बाबा एक खडा दाताखाली धरायचे. आधी कट्कन फुटतो, मग मऊ होऊन डिंकासारखा चघळता येतो, तोंडभर देवदारासारखा वास. भेसळ असली तर नुसता भुगा होतो. लहानपणी एक खडा मलाही मिळायचा. ही राळ ज्या झाडाची, ते पिस्त्याच्या कुळातलं झुडूपवजा झाड, आणि मस्तकीसाठी त्याची लागवड मुख्यतः खिओसच्या दक्षिण भागातच होते. बाबा आता ७१ वर्षांचे आहेत. आयुष्यभर विकली ती वस्तू झाडावर कशी दिसते हे त्यांना बघायचंय.

वाचून कळलं ते असं: उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून तिथे पांढरी चुनखडीची माती पसरतात, खोडाला बारीक चिरा देतात आणि ठिबकलेले थेंब सुकले की वेचतात. वेचणी ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरात चालते. म्हणजे आमच्या तारखा बरोबर आहेत ना? कुणी शेतकरी सकाळी आपल्या बागेत येऊ देतो का? पिर्गी गावाजवळचं मस्तकीचं संग्रहालय आम्ही बघणारच आहोत, पण बाबांना खरं झाड हवंय, हात लावता येईल असं. २०१२च्या वणव्यात बरीच झाडं जळाली होती, तेव्हा आता कुठल्या गावाजवळ जुनी, दाट बाग आहे?

मुक्काम कुठे करावा यावर घरात दोन मतं आहेत. मला मेस्ता हवंय. ते मध्ययुगातलं तटबंदीचं गाव. वेगळा तट नाही, कडेच्या घरांच्या पाठभिंतीच गावाचा तट. चाच्यांनी हल्ला केला की लोक गच्च्यांवरून पळत मधल्या बुरुजापर्यंत जायचे. तिथल्या दगडी घरात राहायला मिळतं म्हणे. पण आईचे गुडघे दुखतात. त्या घरांत जिने फार उभे असतात का? तळमजल्यावर खोली मिळते का? नाहीतर कार्फासला राहावं, तिथे वाळूचा, उथळ पाण्याचा किनारा आहे, आईला पाण्यात नीट उभं राहता येईल. एम्बोरिओसजवळचा माव्रा वोलिया, तो काळ्या गोट्यांचा, लांबूनच बघू. गोट्यांवरून चालणं तिला जमणार नाही.

पिर्गी मात्र आईसाठीच. तिथल्या घरांच्या भिंतींवर काळ्या वाळूच्या गिलाव्यावर चुना देऊन तो खरवडून नक्षी काढतात, त्याला क्सिस्ता म्हणतात. फोटो बघून आई म्हणाली, "ही तर उभी केलेली रांगोळी." त्या दिवसांत बाल्कन्यांतून टोमॅटोच्या माळाही टांगलेल्या असतात ना?

नेआ मोनीबद्दल एक विचारायचंय. ११व्या शतकातला मठ, सोनेरी मोझेक, १९९० पासून जागतिक वारसा, सगळं खरं. पण १८२२ साली ऑटोमन (तुर्की) सैन्याने बेटावर केलेल्या कत्तलीत मारलेल्यांची हाडं, कवट्या तिथे एका चॅपेलमध्ये काचेच्या कपाटात ठेवल्या आहेत. बाबांना ते सोसणार नाही. ती जागा दारातच लागते की टाळता येते?

बाकी: मी उजव्या बाजूने गाडी कधी चालवलेली नाही. दोन दिवसांसाठी टॅक्सी ठरवून गावं फिरता येतात का, साधारण किती घेतात? अथेन्सच्या पिरेयस बंदरातून रात्रीची बोट घ्यावी, की अथेन्सहून तासाभराच्या आतलं विमान? बोटीला केबिन घेतली तर आईला झोप लागेल का? दोघंही शाकाहारी आहेत, अंडंही नाही. तिथे तेलात शिजवलेल्या भाज्या, चणे मिळतात हे माहीत आहे, पण लहान गावातल्या खानावळीत चीज आणि मटणाचा रस्सा वगळून द्या हे ग्रीकमध्ये कसं सांगायचं, ते कुणी देवनागरीत लिहून द्याल का?

आणि शेवटचं. दुकान बंद करताना बाबांनी मस्तकीची एक पुडी काढून ठेवली होती. ती तिथल्या माणसाला दाखवायला बरोबर न्यायची म्हणतात. पन्नास ग्रॅम असेल. विमानात हातातल्या बॅगेत राळ चालते, की चेक-इन सामानात टाकू?