पवित्र शास्त्राचे (बायबलचे) वाचन उपेक्षित स्त्रियांच्या बाजूने करायचे असेल, तर सुरुवात कोणत्या उताऱ्यापासून करावी?

सेविका_नगर (प्रश्न)

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) मी महिलांच्या प्रार्थनासभेची जबाबदारी सांभाळते. सभेला येणाऱ्या बहुतेक भगिनी धुणीभांडी किंवा शेतमजुरी करतात आणि काही हंगामात ऊसतोडीला जातात. काहींना नवऱ्याने टाकले आहे. बऱ्याच जणी दलित ख्रिस्ती कुटुंबांतील असल्यामुळे 1950 च्या राष्ट्रपती आदेशानुसार त्यांना अनुसूचित जातीचा दर्जाही मिळत नाही.

आजवर आमच्याकडे नीतिसूत्रांच्या 31 व्या अध्यायातील सद्गुणी स्त्रीवर वारंवार बोलले गेले आहे. ती गृहिणी रात्र सरण्याआधी उठून दासींना कामे नेमून देते आणि शेत पाहून विकत घेते. आमच्या भगिनी मात्र त्या दासींच्या जागी आहेत, आणि त्या दासींविषयी कोणीच बोलत नाही. हे लक्षात आल्यापासून शास्त्र या भगिनींच्या बाजूने कसे वाचावे, असा प्रश्न मला पडला आहे. अनेकींना लिहिता-वाचता येत नाही. शिवाय अत्याचाराच्या कथा महिलांच्या सभेत नकोत, असे मंडळीतील काही वडीलधाऱ्यांचे मत आहे. अनुभवी वाचकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ओवीशोधक

ताई, ज्या कथा नकोत असे आपल्याला सांगितले गेले, नेमकी तेथूनच सुरुवात करणाऱ्यांचा अनुभव आपल्याला उपयोगी पडेल. दक्षिण आफ्रिकेतील पीटरमॅरित्झबर्ग येथे क्वाझुलू-नाताल विद्यापीठाशी जोडलेले उजामा केंद्र आहे. तेथील अभ्यासकांनी आणि वस्त्यांमधील स्त्रियांनी मिळून शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या 13 व्या अध्यायातील पहिल्या 22 ओव्या (वचने) वाचण्याची एक पद्धत घडवली, आणि त्यातूनच पुढे ‘तामार मोहीम’ उभी राहिली. दावीद राजाची मुलगी तामार हिच्यावर तिचा सावत्र भाऊ अम्नोन बलात्कार करतो, अशी ही कथा आहे. रविवारच्या उपासनेत ती क्वचितच वाचली जाते.

उतारा मोठ्याने वाचतात, त्यामुळे अक्षरओळख नसल्याची अडचण येत नाही. पहिला प्रश्न अगदी साधा असतो: हा उतारा कशाविषयी आहे? प्रत्येकीचे उत्तर मोठ्या कागदावर जसेच्या तसे लिहिले जाते आणि चूक-बरोबर ठरवले जात नाही. त्यानंतर या अत्याचारात प्रत्येक पुरुषाचा वाटा कोणता होता, हे विचारतात, आणि तेथे चर्चेला खरी धार येते. अम्नोनाचा मित्र योनादाब त्याला युक्ती सांगतो. दावीद स्वतः निरोप पाठवून मुलीला अम्नोनाच्या घरी स्वयंपाकासाठी पाठवतो. नोकर बाहेर निघून जातात आणि नंतर तिला घालवून देऊन दाराला अडसर लावतात. तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम बहिणीला गप्प राहायला सांगतो. राजा संतापतो, परंतु अम्नोनाला शिक्षा केल्याचा उल्लेख कोठेही नाही. एका गुन्हेगाराभोवती किती जण उभे असतात, हे ऐकणाऱ्या स्त्रिया कोणी न शिकवता ओळखतात.

मग तामार काय बोलते आणि काय करते, याकडे वळतात. ती नकार देते, त्यामागची कारणे सांगते, आणि आता मला हाकलून देणे हा आधीच्या कृत्याहून मोठा अन्याय आहे असे अम्नोनाला तोंडावर सुनावते. नंतर ती डोक्यात राख घालून, अंगातला झगा फाडून, सर्वांना ऐकू जाईल अशी रडत निघते. तिने मौन पाळले नाही. ते तिच्यावर लादले गेले. यानंतर, आपल्या भागात अशा स्त्रिया आहेत का आणि त्यांना मदत कोठे मिळते, हे विचारले जाते. माझ्या मते हा प्रश्न टाळून केलेले वाचन अर्धेच राहते.

निवृत्त_परिचारिका

आपल्या सभेत ऊसतोडीला जाणाऱ्या भगिनी आहेत, म्हणून मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीचा उतारा मी आग्रहाने सुचवेन. या कथेतून आपण लगेच तिच्या विश्वासाकडे वळतो आणि 26 वी ओवी घाईने ओलांडतो. त्या ओवीत लिहिले आहे की, तिने पुष्कळ वैद्यांच्या हातून पुष्कळ हाल सोसले, जवळ होते नव्हते ते सगळे खर्च केले, आणि गुण येण्याऐवजी तिचा आजार बळावला. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्या भागातील भगिनींना ही ओवी समजावून सांगण्याची गरज नाही. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा पडतो, आणि अंगावरून जात असतानाही डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढावे लागते. अशा स्थितीत कायमचा इलाज म्हणून शस्त्रक्रिया सुचवली जाते.

या उताऱ्यात आणखी एक गोष्ट पाहावी. येशू त्या वेळी याईर नावाच्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याच्या घरी निघालेला असतो, कारण त्याची मुलगी मरणाच्या दारात असते. तरीही तो वाटेत थांबतो, आणि ही नाव नसलेली, पैसा संपलेली बाई आपली सगळी हकीकत सांगेपर्यंत त्या अधिकाऱ्याला खोळंबून राहावे लागते. दवाखान्यात नेमके उलटे घडताना मी आयुष्यभर पाहिले आहे. म्हणून सभेत तिच्या हकीकतीपाशी थांबावे आणि ज्यांना सांगावेसे वाटेल त्यांना आपली हकीकत पूर्ण सांगू द्यावी.

मात्र एका बाबतीत काळजी घ्यावी. हा उतारा सांगताना यहूदी लोकांचे विटाळाचे नियम किती क्रूर होते, असे वर्णन करण्याची प्रवचनांत सवय झाली आहे. लेवीयाच्या 15 व्या अध्यायात ते नियम आहेत हे खरे, परंतु मार्क या कथेत विटाळाचा उल्लेखही करत नाही. आपल्याकडे अनेक घरांत अजूनही मुलींना बाजूला बसवले जाते. मग दुसऱ्या समाजाला दोष देऊन आपण कोणाची सुटका करणार आहोत?

बार्शीकर_वाचक

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. तरीही उपेक्षित स्त्रीची कथा निवडली म्हणजे वाचन आपोआप तिच्या बाजूचे होते, असे मला वाटत नाही. हागारेची कथा घ्या. ती अब्राहाम आणि सारा यांच्या घरची मिसरी (इजिप्तची) दासी आहे, तिच्या शरीरावर मालकिणीचा आणि मालकाचा अधिकार आहे, आणि छळ असह्य झाल्यावर ती रानात पळून जाते. तेथे देव तिच्याशी बोलतो आणि ती देवाला ‘मला पाहणारा देव’ असे नाव देते. संपूर्ण शास्त्रात देवाला नाव देणारी ती पहिली व्यक्ती आहे. परंतु उत्पत्तीच्या 16 व्या अध्यायाच्या नवव्या ओवीत दूत तिला परत जाऊन मालकिणीच्या हाताखाली राहायला सांगतो. ही ओवी दाखवून मार खाणाऱ्या बायकांना सासरी परत पाठवणारे लोक मी पाहिले आहेत.

ती ओवी लपवून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ती वाचावी आणि 21 वा अध्यायही त्याच बैठकीत वाचावा. तेथे अब्राहाम हागारेला थोडी भाकर आणि पाण्याची एक मसक देऊन मुलासह घराबाहेर काढतो. म्हणजे ती परत गेली, राबली, आणि तरीही तिला त्या घरात जागा मिळाली नाही. हे दोन्ही अध्याय ऐकल्यावर परत जाण्याचा सल्ला कोणाच्या सोयीचा होता, हे स्त्रिया स्वतःच विचारू लागतात, आणि त्यांना ते मोकळेपणाने विचारू द्यावे. देवाच्या दूताचे शब्द आपल्याला खटकतात, हे सभेत उघड बोलल्याने कोणाचाही विश्वास डळमळणार नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू विहिरीवर जिच्याकडे पाणी मागतो, त्या शोमरोनी (यहूदी लोक ज्यांच्याशी व्यवहार ठेवत नसत त्या समाजातील) स्त्रीबाबतही हेच घडते. पाच नवरे झाले होते म्हणून ती बदफैली होती, असे सर्रास सांगितले जाते. परंतु येशू त्या अध्यायात तिला पापी म्हणत नाही आणि पश्चात्ताप करायलाही सांगत नाही. त्या काळी बायकोला सोडण्याचा अधिकार मुख्यतः पुरुषाकडे होता. तेव्हा ती पाच वेळा विधवा झालेली किंवा टाकलेली असणेही तितकेच शक्य आहे. ज्यांना नवऱ्याने टाकले आहे, त्यांच्यासमोर तिला दोषी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. शिवाय ती कथा विहिरीच्या काठावर, कोणी कोणाच्या हातचे पाणी प्यावे या प्रश्नावर घडते. 1927 चा महाडचा सत्याग्रह ठाऊक असलेल्या घरांना त्यावर वेगळे भाष्य नको.

ओवीशोधक

पंडिता रमाबाईंचा उल्लेख राहून गेला. त्यांनी केडगावला मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण शास्त्राचे मराठी भाषांतर केले, आणि ते मुक्ती मिशन या त्यांच्या आश्रमाच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच छापले. 1922 मध्ये रमाबाई वारल्या आणि 1924 मध्ये तो ग्रंथ पूर्ण प्रसिद्ध झाला. त्या आश्रमात बालविधवा होत्या, दुष्काळातून वाचलेल्या मुली होत्या, अंध स्त्रिया होत्या. शास्त्र अशा स्त्रियांच्या हाती देण्याची परंपरा मराठी मातीत इतकी जुनी आहे, हे आपण वडीलधाऱ्यांना अवश्य सांगावे.

सेविका_नगर

सर्वांची मनापासून आभारी आहे. पहिल्या बैठकीत 26 व्या ओवीसह मार्कचा पाचवा अध्याय घेईन, कारण त्यावर सगळ्याच जणी बोलू शकतील. एकमेकींवर विश्वास बसल्यावर तामारेची कथा घेऊ. एखादी भगिनी स्वतःवरील अत्याचार सांगू लागली, तर केवळ प्रार्थना करून तिला घरी पाठवणे योग्य होणार नाही. म्हणून त्या बैठकीआधी तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटून 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची माहिती घेईन आणि 181 हा महिला मदत क्रमांक सगळ्यांकडून पाठ करून घेईन. वडीलधाऱ्यांपैकी एक जण मार्कच्या बैठकीला ऐकायला यायला तयार आहेत. मात्र त्यांनी त्या दिवशी काही बोलू नये, अशी विनंती मी त्यांना केली आहे.